धातूंचा शेजार



वसंतातील व्याख्यानमाला म्हटली की काव्य, इतिहास, नाट्य, फार तर अर्थकारण, असे विषय श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. त्यांत ॲल्युमिनियमचे नाव आले की घरातल्या पातेल्यांची आठवण व्हावी आणि खुर्चीतून उठावेसे वाटावे, हे साहजिक आहे. चिटणिसांनी मला विषय सांगितला तेव्हा मीही हीच शंका काढली. त्यावर त्यांनी काही न बोलता खिशातून एक गंजलेला स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “बारा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविल्या. ॲल्युमिनियम गंजत नाही असे तुम्ही इंजिनिअर लोक सांगत होता. मग सहाव्या मजल्यावरची चौकट आज हलते आहे ती कशाने?”

प्रश्न मोठा चांगला आहे, आणि केवळ चिटणिसांच्या घरापुरता नाही. त्या चौकटीखालून मुले शाळेत जातात. आजचे माझे सारे बोलणे या एका स्क्रूच्या उत्तरासाठी आहे असे समजलात तरी चालेल. वाट मात्र थोडी लांबची घ्यावी लागेल, कारण धातूच्या अंगचे गुण कळून भागत नाही. त्याचा शेजार कोणाचा आहे तेही पाहावे लागते.

आपल्यापैकी पुष्कळजण संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर बसतात. पश्चिमेकडून येणारा वारा आपल्याला सुखाचा वाटतो. त्या वाऱ्याबरोबर समुद्राच्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार येतात, आणि ते वाळले की मागे मीठ राहते. हे मीठ आपल्या जिभेला लागत नाही. पण खिडकीच्या गजांना, गॅलरीच्या कठड्याला, मोटारीच्या पत्र्याला ते बरोबर लागते. नागपूरला दहा वर्षे टिकणारा रंग इथे दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो हे कोणीही रंगारी सांगेल. धातूंची परीक्षा घेण्यासाठी प्रयोगशाळांत मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. आपण दादरकर त्या फवाऱ्यातच संसार थाटून बसलो आहोत.

आता ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणजे काय? वस्तुस्थिती अशी आहे की ॲल्युमिनियम हा लोखंडापेक्षा पुष्कळच उतावळा धातू आहे. ऑक्सिजनवर त्याची झेप इतकी जबर की लोखंडाच्या गंजाची पूड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र करून पेटविली, तर ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि खाली रसरशीत वितळलेले लोखंड उरते. या रीतीने आजही रेल्वेचे रूळ सांधतात. थर्मिट म्हणतात तिला. मग असा हा धातू हवेत टिकतो कसा? तो टिकतो त्याच्या उतावळेपणामुळेच. ताजा कापलेला ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेला लागताक्षणीच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर हा पापुद्रा त्यांतल्या चारपाच भागांएवढा जाड. पण तो घट्ट, अखंड आणि खालच्या धातूला चिकटून बसणारा असतो. तो तयार झाला की आतल्या धातूला हवा मिळत नाही आणि प्रकरण तिथेच थांबते. ओरखडा पडला तर पुन्हा नवा पापुद्रा धरतो.

लोखंडाचा गंज नेमका उलट स्वभावाचा. तो भुसभुशीत, फुगणारा, पाणी धरून ठेवणारा. आपण खाली पडतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे करून देतो. जस्ताचा हात दिलेल्या पत्र्यावर, पोलादात क्रोमियम घातलेल्या स्टेनलेसवर, पार्कातल्या महाराजांच्या १९६६ साली बसविलेल्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यावर, सगळीकडे हीच गोष्ट निरनिराळ्या रीतीने घडत असते. धातू टिकतो तो आपल्या कातडीच्या बळावर. स्टेनलेसची कातडी क्रोमियमच्या ऑक्साइडची, ब्राँझची तांब्याच्या क्षारांची. लोखंडापाशी मात्र धड कातडी नाही, म्हणून आपण त्याला रंगाची कातडी उसनी देतो.

समुद्रकाठच्या मिठाला ॲल्युमिनियमची ही नैसर्गिक कातडी पुरी पडत नाही. मिठातले क्लोराइड तिच्यात बारीक छिद्रे पाडते आणि त्या छिद्रांतून खाली खळगे पडत जातात. म्हणून खिडक्यांच्या ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने हाच पापुद्रा मुद्दाम जाड करून घेतात. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. समुद्राजवळच्या घराला हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे कारखान्याच्या भाषेत वीस ते पंचवीस मायक्रॉन, असावा. खिडक्यांचे कंत्राट देताना आपण काचेचा रंग तासभर निवडतो, पण हा आकडा विचारणारा सभासद मला क्वचितच भेटला आहे. थर पातळ घेतला की पैसे वाचतात आणि नव्या खिडकीवर ते मुळीच दिसत नाही!

हा धातू आपल्याकडे आला तो स्वयंपाकघराच्या दाराने. त्याआधी त्याची मिजास पाहा. पृथ्वीच्या कवचात सगळ्या धातूंत जास्त साठा याचाच, सुमारे आठ टक्के, लोखंडापेक्षाही अधिक. पण मातीपासून त्याला सुटे करणे इतके कठीण की १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने आणि १८२७ साली जर्मनीच्या व्होलरने तो मिळविला, त्यानंतर साठ वर्षे तो चांदीच्या पंगतीला बसत होता. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ साली जो कळस चढविला तो ॲल्युमिनियमचा, शंभर औंसांचा. दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळत एकच युक्ती शोधून काढली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही दोघांचा १९१४ चा, हा योगायोग शास्त्राच्या इतिहासात विरळा. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड वितळवावयास दोन हजार अंशांवर उष्णता लागते. या दोघांनी ते क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या खनिजात सुमारे साडेनऊशे अंशांवर विरघळविले आणि त्यातून वीज सोडली. तळाशी धातू साचला. चांदीच्या पंगतीतला पाहुणा काही वर्षांतच भाजीवालीच्या पातेल्यात येऊन बसला.

आपल्या देशात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करवून घेण्यास आरंभ केला. धातू अर्थात परदेशचा. भारतात तो गाळला जाऊ लागला १९४३ साली, केरळात अलुवाजवळ. मराठी गृहिणीने त्याचे नाव ठेवले ‘जर्मन’. मिळविला डॅनिश आणि जर्मन शास्त्रज्ञांनी, स्वस्त केला अमेरिकन आणि फ्रेंच तरुणांनी, पण ‘जर्मनचे पातेले’ हे बारसे आमच्या चाळींत झाले ते कायमचे.

ज्या भांड्यांची जागा त्याने घेतली त्यांचा शेजारही लक्षात घेण्याजोगा होता. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. ताकातल्या आम्लाने तांबे सुटते, हिरवट होते, पोटात गेले की मळमळते. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. गल्लीत भाता लावून बसणारा तो कल्हईवाला पाहिलेली मंडळी इथे पुष्कळ असतील. भांडे तापवावयाचे, नवसागर टाकावयाचा, त्याचा पांढरा धूर डोळ्यांत गेला की आम्ही पोरे पळत सुटत असू; मग कथलाचा तुकडा लावून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरविला की काळे भांडे आरशासारखे! तो नवसागर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो आणि दोनशे बत्तीस अंशांवर वितळणारे कथील स्वच्छ तांब्याला बिलगते. शेजारी पटेना म्हणून मध्ये तिसरा आणून बसविण्याचा हा प्रकार. आजच्या इंजिनिअरिंगमध्ये आम्ही हेच करतो, फक्त भाता नसतो.

जर्मनच्या पातेल्याला कल्हई लागत नाही, ते हलके, आणि उष्णता पसरविण्यात तांब्याच्या खालोखाल. स्टेनलेसच्या पातेल्यात दूध तळाशी लागते आणि जर्मनच्या पातेल्यात तितके लागत नाही, याचे कारण स्टेनलेसच्या पंधरापट उष्णता ॲल्युमिनियम वाहून नेते. स्टेनलेसच्या भांड्यांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे बूड लावतात ते याचसाठी. मात्र आमसुलाचे सार, चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार त्यात रात्रभर ठेवू नये. आंबटाने ती संरक्षक कातडी विरघळते. सोड्याने किंवा राखेने खसखसून घासले तरीही विरघळते, कारण हा धातू आम्लालाही भितो आणि अल्कलीलाही. ही दुसरी भीती ध्यानात ठेवा. खिडकीपाशी तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

किमतीचे गणित मात्र अजून विजेपाशी अडलेले आहे. एक किलो ॲल्युमिनियम गाळावयास साधारण चौदा युनिट वीज खर्च होते. आपल्या घरातला पंचाहत्तर वॅटचा पंखा इतक्या विजेवर आठवडाभर रात्रंदिवस फिरेल. चार टन बॉक्साइटमधून दोन टन ऑक्साइड आणि त्यातून एक टन धातू, असा ढोबळ हिशेब. म्हणून ॲल्युमिनियमचा कारखाना खाणीपेक्षा विजेकडे बघून काढतात. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड-राधानगरीकडे, बॉक्साइटचे सडे आहेत. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने काळ्या फत्तरातली सिलिका धुऊन नेली, मागे लोखंड राहिले तेथे जांभा झाला आणि ॲल्युमिनियम राहिले तेथे बॉक्साइट. या बॉक्साइटच्या भरवशावर बेळगावला १९७० च्या सुमारास मोठा कारखाना उभा राहिला. तेथे खनिजापासून ऑक्साइडही होई आणि धातूही गाळला जाई. पुढे विजेचे मान जुळेना आणि धातू गाळण्याच्या भट्ट्या बंद पडल्या. ऑक्साइड करण्याचे काम मात्र चालू राहिले. रत्नागिरीलाही सरकारी ॲल्युमिनियम प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, पण प्रकल्प काही झाला नाही. कोयनेची वीज नि कोकणचे खनिज यांचे लग्न कागदावरच राहिले. सडे खणावे की राखावे हा वाद आज निराळ्या अंगाने चालला आहे. सड्यांवरच्या पाण्यावर आणि रानावर खालची गावे जगतात हे त्यातले मर्म, आणि मला स्वतःला ते पटते.

याच हिशेबामुळे भंगारवाल्याला ॲल्युमिनियमचा मोह असतो. एकदा गाळलेला धातू पुन्हा वितळवावयास मूळ खर्चाच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. जुने पातेले मोडीत देताना भंगारवाला त्याचे वजन करतो, पण आपण खरे पाहता त्याला वीज विकत असतो.

आता बळाकडे वळू. शुद्ध ॲल्युमिनियम नुसता लुसलुशीत; बोटाने वाकतो. पाण्याच्या पावणेतीनपट जड, तर लोखंड जवळजवळ आठपट. हलकेपणा आहे, पण ताकद नाही. मग विमान उडणार कशावर? हे कोडे सुटले जर्मनीत, १९०६ साली. आल्फ्रेड विल्म नावाचा धातुतज्ज्ञ तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम पाण्यात थंड करीत होता. पोलादाचे पाते असे पाणी दिले की कडक होते. तसे हेही होईल ही त्याची अपेक्षा. ते काही फारसे कडक झाले नाही. पण काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा मोजला तो तो आपोआप कडक झालेला! लोणचे बरणीत मुरावे तसा हा धातू खोलीच्या उष्णतेत मुरला होता. तांब्याचे अणू आतल्या आत गोळा होऊन बारीक पुंजके करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. या मिश्रधातूला ड्युराल्युमिन म्हणतात. विमानाच्या कारखान्यांतून त्याचे काही रिव्हेट बर्फाच्या पेटीत ठेवीत, कारण बाहेर राहिले तर मुरून इतके कडक होत की हातोडीखाली ठोकले जात नसत.

आपल्या जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते पस मॉथ विमानातून. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड ताणलेले. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा सबंध विमान ॲल्युमिनियमच्या कातडीचे होते. इतक्या थोड्या वर्षांत कापड गेले आणि मुरलेला धातू आला.

पण मुरलेल्या धातूलाही थकवा असतो. तार एकदा वाकवून तुटत नाही; वीसदा इकडून तिकडे करा, तुटते. पोलादाला या थकव्याची एक मर्यादा असते. तिच्या आतला भार कितीही वेळा द्या, ते सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. भार लहान असला तरी पुरेशा वेळा दिला की कधीतरी चीर पडतेच. हा धडा जगाने १९५४ साली फार महागात घेतला. ब्रिटिशांची कॉमेट ही जेट विमाने भूमध्य समुद्रावर एकामागून एक अशी दोन कोसळली. मग फार्नबरोला एक सबंध विमान पाण्याच्या टाकीत बसवून आतला दाब पुन्हापुन्हा कमीजास्त केला. सुमारे तीन हजार उड्डाणांइतका ताण झाला आणि एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ पत्रा फाटला. विमानांच्या खिडक्यांना आज टोकदार कोपरे नसतात. प्रवासात आपण त्या गोलसर खिडकीतून ढग पाहतो. तो गोलवा शोभेसाठी ठेवलेला नाही.

शिवाजी पार्कवर बोलताना क्रिकेट टाळणे पाप आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळावयास आला. चेंडूचा आवाज टण्ण झाला. इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्ली याने चेंडू खराब होतो म्हणून तक्रार केली, बरीच हुज्जत झाली, आणि अखेर लिलीने बॅट मैदानावर भिरकावून दिली. त्यानंतर बॅटचे पाते लाकडाचेच असावे असा नियम झाला. इंजिनिअरच्या नजरेने पाहता चूक बॅटची नव्हती. विलोचे लाकूड चेंडूला किंचित दबून जागा देते. धातू देत नाही. पुन्हा शेजारच!

ताठपणाचाही एक मुद्दा आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक-तृतीयांश वजनाचा, पण ताठपणाही त्याचा एक-तृतीयांशच. त्याच आकाराची पट्टी तिप्पट लवते. फूटपट्टी आडवी धरली की लवते, उभी धरली की लवत नाही. या साध्या युक्तीने पोकळ आणि खोल आकार करून ही उणीव भरून काढतात. पुण्याच्या मेट्रोचे डबे असे ॲल्युमिनियमचे आहेत. मुंबईच्या दोन-अ आणि सात या मार्गांवरचे स्टेनलेस पोलादाचे. दोन्ही चालतात. आणि आपल्या खिडकीची चौकट हातात घेऊन पाहिलीत तर तीही आत पोकळ, कप्प्याकप्प्यांची असते.

म्हणजे आपण पुन्हा खिडकीपाशी आलो. पण स्क्रूकडे वळण्यापूर्वी एक जहाज पाहू.

१७६१ साली इंग्रजी आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा हा हेतू. वेस्ट इंडीजहून ती १७६३ साली परत आल्यावर पाहतात तो तांबे उत्तम, पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता ते खिळे जागोजागी विरून गेलेले. काही थोडे खिळे मात्र शाबूत. नीट पाहिले तेव्हा कळले की पत्र्याबरोबर आलेला वेष्टणाचा तपकिरी कागद ज्या खिळ्यांखाली चुकून राहून गेला होता, तेवढेच वाचले होते! सगळे मर्म त्या कागदात आहे. दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना भिजविणारे खारे पाणी मिळाले की त्यांची बॅटरी होते. त्यांतला जो अधिक उतावळा तो झिजतो आणि दुसरा मजेत राहतो. लिंबात जस्ताचा हात दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसून शाळेत हाच प्रयोग करतात. झिजणारा लहान आणि राहणारा मोठा असेल, खिळा आणि पत्र्यासारखा, तर झीज भयंकर वेगाने होते. पुढे जहाजांचे खिळे तांब्याच्या मिश्रधातूंचे करू लागले. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

आता हा स्क्रू. तो साध्या पोलादाचा, वर जस्ताचा अगदी पातळ मुलामा. दुकानात तो चांदीसारखा चमकतो. इथल्या हवेत पहिल्या काही वर्षांत जस्त झिजून संपले, कारण शेजाऱ्यांत सर्वांत उतावळे तेच. मग उघडे पोलाद मिठाच्या हवेत गंजू लागले. गंज फुगतो, पाणी धरतो. त्या ओल्या जागेत पोलाद आणि ॲल्युमिनियम यांची बॅटरी झाली, आणि भोकाच्या कडेचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जाऊ लागले. एकीकडे स्क्रू बारीक होतो, दुसरीकडे भोक मोठे होते. चौकट हलणार नाही तर काय होईल? आणखी एक गोष्ट मी चिटणिसांच्या घरी जाऊन पाहिली. चौकट ओल्या सिमेंटमध्ये थेट बसविली होती. सिमेंट अल्कलीचे, आणि मघाशी सांगितलेली राखेची भीती इथे आडवी आली. चौकटीची भिंतीकडची बाजू खरबरीत आणि खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे. बाहेरून ती दिसत नाही.

पितळी स्क्रू लावावेत असे कोणी सुचवील. तसे मुळीच करू नये. तांब्याचा अंश असलेला शेजारी ॲल्युमिनियमला सर्वांत वाईट. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत. तेही निराळ्याच धातूचे, हे खरे. पण इथे राहणारा लहान आणि झिजणारा मोठा, म्हणून झीज पसरून जाते आणि नगण्य होते. खाली नायलॉनची वॉशर घातली की ‘अलार्म’च्या तपकिरी कागदाचे काम होते. चौकट आणि सिमेंट यांच्यामध्ये बिट्युमेनचा हात किंवा पट्टी द्यावी. स्क्रू आणि वॉशरचा हा सगळा खर्च खिडकीमागे एका वेळच्या बाहेरच्या जेवणाइतकासुद्धा नाही.

असाच शेजार भिंतीच्या आत विजेच्या तारांचा. १९६० नंतरच्या काळात तांबे परदेशांतून आणावे लागे, परकीय चलनाची ओढ, म्हणून घरोघर ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. उंच खांबांवरच्या तारांना ॲल्युमिनियम उत्तमच. त्याच वजनात ते तांब्याच्या दुप्पट वीज वाहते, आणि मध्ये पोलादाची तार घातली की ताणही सोसते. घरातल्या स्क्रूखाली मात्र ते दाबाने हळूहळू चेपत जाते, तापले की पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते, आणि त्याची ती संरक्षक कातडी वीज वाहू देत नाही. सांधा ढिला होतो, तापतो, आणखी ढिला होतो. आमच्या बिऱ्हाडात एका मिस्त्रीने जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडली होती. पावसाळ्यात एका रात्री जळका वास आला. पाहतो तो भिंतीतली पेटी काळी पडलेली. घरी जाग होती म्हणून निभावले. ज्यांच्या घरी जुन्या तारा अजून आहेत आणि त्यांवर वातानुकूलनाची यंत्रे चालतात, त्यांनी या उन्हाळ्यातच एकदा सांधे तपासून घ्यावेत.

राहता राहिली ती आपल्या इमारतींची हाडे. पार्काभोवतीच्या पुष्कळ इमारती १९३० नि १९४० च्या दशकांतल्या. काँक्रीटच्या पोटातल्या सळईला सिमेंटची अल्कली कवचासारखी सांभाळते. जी अल्कली ॲल्युमिनियमला खाते तीच लोखंडाला तारते! पण वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरून ती अल्कली मारतो, मीठ पाझरते, आणि सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते; ती तो काँक्रीट फोडून मिळवितो. गॅलरीच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली, तपकिरी डाग दिसला, तर तो ओलीचा डाग म्हणून वर चुना लावू नये. गिलावा लावून चीर झाकली की आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. सैल काँक्रीट काढून सळई साफ करणे, झिजली असल्यास जोड देणे आणि मग भरणे, हाच उपाय. पुनर्विकासाच्या सभांत चटईक्षेत्रावर तासन् तास वाद होतात. त्या सभेत कोणीतरी उठून सळया किती उरल्या आहेत ते मोजले काय, एवढे विचारावे.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. त्यांचा स्क्रू मी इथे टेबलावर ठेवतो, आणि शेजारी एक नवा स्टेनलेसचा स्क्रू व नायलॉनची वॉशर. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. जुना जरा जपून हाताळा, त्याचे डोके आधीच अर्धे सुटले आहे.